कोथरूड-कर्वेनगरच्या एजंट काकू : एक महिन्याचं ब्रोकरेज देऊन काय मिळालं

नागपूरहून पुण्यात शिफ्ट झालो, घर कर्वेनगरला मिळालं, आणि ते ज्या एजंट काकूंनी मिळवून दिलं त्यांच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, कारण ओळखीतले बरेच जण सध्या विदर्भातून येऊन पुण्यात घर शोधून राहिले आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, एजंटला एक महिन्याचा किराया कशाला द्यायचा. माझं उत्तर आधीच सांगते, एजंट अशी असेल तर द्या आणि आनंदाने द्या. काकूंचं नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हटलंय, त्या एकट्या काम करतात आणि ओळखीतून आलेलेच लोक घेतात. पण त्या काम कसं करतात ते वाचलं तर तुमच्या भागातला एजंट बरा की नाही हे तुम्हाला नक्की ओळखता येईल.

आमची गरज अशी होती. नवऱ्याचं ऑफिस बाणेरला, मी घरून काम करते, मुलगा तिसरीत, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट पाहिजेच. बजेट २५-२६ हजार, टू बीएचके. पुण्यात नातेवाईक कोणी नाही, रस्ते माहीत नाहीत, कोणता एरिया कशासाठी चांगला याची काहीच कल्पना नाही.

आधी अ‍ॅपवरून शोधत होतो. ‘डायरेक्ट ओनर’ लिहिलेल्या जाहिरातीवर फोन केला की पलीकडे एजंट, तो म्हणणार तो फ्लॅट आत्ताच गेला, दुसरा दाखवतो, आणि नंतर दिवसभर अनोळखी नंबरवरून फोन. एकाच हॉलचा फोटो वेगवेगळ्या पत्त्यांवर टाकलेला पण पाहिला. एक जण तर म्हणाला मी आर्मीत आहे, बदली झाली, सोसायटीच्या गेटपाससाठी आधी थोडे पैसे भरा, लगेच रिफंड होतील, आणि क्यूआर कोड पाठवला. हा फ्रॉड फार जुना आहे तरी लोक अजून फसतात, म्हणून लिहिते, पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. आणि घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टोकन, म्हणजे घर धरून ठेवायला आगाऊ पैसे, द्यायचं नाही, कितीही घाई असो.

नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने काकूंचा नंबर दिला. पहिल्या फोनवर त्यांनी एकही घर सांगितलं नाही, नुसते प्रश्न विचारले. ऑफिसला किती वाजता पोचायचं, गाडी दुचाकी की चारचाकी, शाळा ठरली का, घरात वयस्कर कोण, नॉनव्हेज करता का, रात्री उशिरा येणंजाणं असतं का, आणि मग म्हणाल्या, “नागपूरकर ना तुम्ही, कूलर आणताय का?” मी हो म्हटलं, आमचा लोखंडी मोठा कूलर होता. त्या म्हणाल्या आणू नका, इथल्या सोसायट्यांमध्ये खिडकीबाहेर स्टँड लावू देत नाहीत आणि तेवढी गरज पण पडत नाही, ट्रकमधली जागा वाचवा. घर शोधायच्या आधीच या बाईने आमच्या सामानाचा विचार केला, मला तिथेच विश्वास वाटला.

ऑफिस बाणेरला म्हणून आम्ही बाणेर-बालेवाडीच धरून बसलो होतो. काकूंनी सरळ सांगितलं की तुमच्या बजेटमध्ये तिथे लिफ्टवाली चांगली बिल्डिंग अवघड आहे, मिळाली तरी उन्हाळ्यात टँकरवर चालणारी मिळेल, त्यापेक्षा कर्वेनगर-कोथरूड बघा, चांदणी चौकातून हायवेने बाणेरला जाता येतं. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला तेव्हापासून तिथे पूर्वीइतकं अडकायला होत नाही असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी हेही सांगितलं की माझ्यावर विश्वास ठेवू नका, सोमवारी सकाळी ऑफिसच्या टायमाला स्वतः जाऊन बघा. नवरा खरंच कर्वेनगरहून बाणेरपर्यंत जाऊन आला, तेव्हा कुठे आम्ही एरिया पक्का केला. रविवारी दुपारी घर बघून रस्ता मोकळा वाटतो आणि सोमवारी रडायची वेळ येते, हे कोणत्याही शहराला लागू आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बाहेरून येणाऱ्याला सुचणारच नाही. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या भागात जुन्या सोसायट्या भरपूर, आणि त्यातल्या कितीतरी रिडेव्हलपमेंटला जाताहेत, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून बिल्डर तिथे नवी बांधणार. आम्हाला कोथरूडमध्ये एक घर फार आवडलं होतं, झाडं, शांत गल्ली, किराया बजेटच्या आत, लिफ्ट मागाहून बसवलेली. सासूबाईंनी तर देवघराची जागा पण बघून ठेवली. काकू तिथे काही बोलल्या नाहीत, खाली उतरल्यावर वॉचमनशी बोलल्या, एका ओळखीच्या मेंबरला फोन केला, आणि आम्हाला म्हणाल्या हे घेऊ नका, सोसायटीचं बिल्डरशी जवळपास ठरलंय, वर्षाच्या आत खाली करायला सांगतील आणि मुलाची शाळा मध्येच सोडायची वेळ येईल. घरमालकाने हे सांगितलं नव्हतं. आणि एक सोसायटी रिकामी झाली की तिथले सगळे कुटुंब त्याच एरियात किरायाचं घर शोधतात, मुलांच्या शाळा जवळच असतात ना, त्यामुळे आजूबाजूचे भाव अजून चढतात, म्हणजे आपण बाहेर पडलो की त्याच भागात तेवढ्याच पैशात दुसरं मिळणार नाही. ते घर दिलं असतं तर काकूंचं ब्रोकरेज त्याच दिवशी पक्कं होतं, दोन्ही बाजूंनी. नाही दिलं. माझ्यासाठी पाच स्टार इथेच झाले.

प्रत्येक घरात त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. आधी सगळे नळ सोडून बघायचे, मग कॉर्पोरेशनचं पाणी किती वेळ येतं ते घरमालकाला न विचारता शेजारच्या दारात विचारायचं, बोअर आहे का, मार्च ते जून टँकर येतो का आणि आला तर त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे. मग महावितरणचं मागचं बिल मागायचं. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट दिसतात, घर किती दिवस बंद होतं ते त्यावरून कळतं आणि थकबाकी असेल तर तीही दिसते. बेडरूमच्या कपाटामागे हात लावून ओल बघायची. पुण्यात पावसाळ्यात भिंती ओलावतात, आम्हा नागपूरवाल्यांना ऊन माहीत, ही सतत रिपरिप माहीत नाही, त्यामुळे आम्ही पश्चिमेच्या भिंतीकडे बघितलंच नसतं. पाइप गॅसचं कनेक्शन चालू आहे का, की सिलेंडर आणायचा, गाडीची पार्किंग त्या फ्लॅटच्या नावाने आहे का, सगळं तिथल्या तिथे विचारून घेतात आणि वहीत लिहितात.

नॉनव्हेजचा विषय वेगळा लिहायलाच पाहिजे. आमच्याकडे सावजी होतंच, ते काही आम्ही लपवून खाणार नव्हतो. अ‍ॅपवरून गेलो तिथे घर पाहून झाल्यावर, सगळं आवडल्यावर, मालक विचारायचे तुम्ही खाता का, आणि मग चेहरा बदलायचा. आडनाव विचारून अंदाज घेणारे पण भेटले, त्याचा मला अजून राग आहे, पैसे वेळेवर देणारं आणि घर नीट ठेवणारं कुटुंब पाहिजे की आडनाव पाहिजे. काकू तो प्रश्न फोनवरच संपवतात, ज्या मालकाला चालत नाही तिथे नेतच नाहीत, त्यामुळे अपमान होत नाही आणि वेळ पण जात नाही. बॅचलर मुलामुलींचंही त्या तसंच करतात असं कळलं, आधी मालकाशी स्पष्ट बोलून मगच घर दाखवतात.

अ‍ॅग्रीमेंटचं काम त्यांनी फार नीट केलं. नागपुरात आम्ही आधीच्या घरी स्टँप पेपर आणि नोटरी यावरच राहिलो होतो, बरेच जण तसेच राहतात आणि ११ महिन्यांचं असलं तर रजिस्टर करायची गरज नाही असं समजतात. महाराष्ट्रात तसं नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, कितीही महिन्यांचं असो ते लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केलं तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर अटींवरून वाद झाला तर रजिस्टर कागद नसताना भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. आमचे मालक आजोबा आधी नोटरीवर भागवू म्हणत होते, काकूंनी त्यांना हेच शांतपणे समजावलं, की काका यात तुमचाच बचाव आहे.

खर्चाचा पण बाऊ नको. स्टँप ड्युटी ०.२५ टक्के लागते, पूर्ण मुदतीचा किराया आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. आमचा किराया २६ हजार, डिपॉझिट ७५ हजार, ११ महिने, तर ते सातशे-आठशेच्या घरात बसतं, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १००० रुपये. बाकी जे लागतं ते घरी येणाऱ्या माणसाचे आणि ड्राफ्टिंगचे. काकूंनी सरकारी किती आणि त्यांच्या माणसाचे किती हे वेगवेगळं लिहून दिलं, अर्धे मालकाने अर्धे आम्ही. बरेच एजंट एकच गोल आकडा सांगतात, तो फोड करून मागा. त्यांचा मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, आधारवर सगळ्यांचे अंगठे, साक्षीदारांचे पण. आजोबांचा अंगठा वयामुळे उमटत नव्हता, त्या मुलाने न चिडता हात धुवायला लावून, दुसरी बोटं घेऊन ते जमवलं. नंतर रजिस्टर झालेली पीडीएफ मेलवर आली. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते ती पुणे पोलिसांच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरता येते, ती पण त्यांनीच मालकाकडून भरून घेतली. नवऱ्याच्या एचआरएसाठी (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची टॅक्स सूट) मालकाचा पॅन लागतो, वर्षाचा किराया एक लाखाच्या वर गेला की लागतोच, तो सही करायच्या आधीच घेऊन दिला, नंतर मालक टाळाटाळ करतात म्हणाल्या.

चावी घेताना त्यांनी पंखे, गीझर, ट्यूब, नळ, दारांचे लॉक सगळ्याची यादी केली आणि भिंतींचे फोटो काढून मालकाला आणि आम्हाला एकाच ग्रुपवर टाकले. सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचा वाद पुण्यात फार होतो, या फोटोंचा तेव्हा उपयोग. रंग कोणी करायचा, किती कापायचं, हे पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये आकड्यासकट लिहून घ्या, ‘ठरल्याप्रमाणे’ असा शब्द राहू देऊ नका.

आता जे आवडलं नाही ते. काकू फोटो-व्हिडिओ पाठवत नाहीत, घर येऊनच बघा म्हणतात, नागपूरहून सातशे किलोमीटर यायचं म्हणजे प्रत्येक वेळी रात्रीची ट्रॅव्हल्स आणि सुट्टी, हे बाहेरगावच्या माणसाला परवडत नाही, निदान तीन घरं एकाच दिवशी ठेवा म्हणून मला भांडावं लागलं. त्यांच्या छापील ड्राफ्टमध्ये लॉक-इन (ठरावीक महिने करार मोडायचा नाही ही अट) फक्त भाडेकरूसाठी होता, म्हणजे आम्ही सहा महिन्यांच्या आत सोडलं तर आम्ही पैसे भरायचे आणि मालकाने खाली करायला सांगितलं तर काहीच नाही. आम्ही ते दोन्ही बाजूंना सारखं करून मागितलं, त्यांनी लगेच केलं, पण मागितल्यावर केलं, आधीपासून तसं असायला पाहिजे होतं. ब्रोकरेज दोन्हीकडून घेतात आणि एक रुपया कमी करत नाहीत. आणि कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन एवढंच बघतात, वाकड-हिंजवडीला जायचं असेल तर त्यांचा उपयोग नाही, त्या स्वतःच सांगतील दुसरा माणूस शोधा.

मुदत संपायच्या आधी दोन महिने त्यांचा स्वतःहून फोन आला होता, राहणार की सोडणार विचारायला, कारण मुदत संपून तसंच राहिलं तर कायद्यात दुप्पट भाड्याची तरतूद आहे आणि मालकाशी संबंध बिघडतात. आजोबांनी पाच टक्के वाढवले, आम्ही राहिलो. रिन्यूअलला त्यांनी परत ब्रोकरेज घेतलं नाही, फक्त अ‍ॅग्रीमेंटचा खर्च. तुम्ही कोणाशीही बोलणार असाल तर रिन्यूअलला पैसे घेणार का, हे पहिल्याच फोनवर विचारून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, यावरून दरवर्षी अर्ध्या महिन्याचा किराया देत बसलेले लोक मला माहीत आहेत.