पार्किन्सन्स असताना सभेत बोलायचे आहे : आवाजाचा सराव, माईक की गोळीची वेळ?

कोल्हापुरात निवृत्त शिक्षक, सहकारी संस्थेचे माजी अध्यक्ष किंवा वाचनालयाचे जुने कार्यकर्ते यांना माईकसमोर उभे राहण्याचे प्रसंग सत्तरीनंतरही येतच राहतात. पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, निदान झाले की यांपैकी पुष्कळजण पुढच्या पहिल्याच निमंत्रणाला नकार कळवून मोकळे होतात. तो नकार बहुतेक वेळा घाईचा असतो, असे मला मनापासून वाटते. आपली अडचण आवाजाची आहे, हाताची आहे, पायांची आहे की मनावरच्या ताणाची, हे आधी वेगळे करून पाहावे, कारण प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे. कोणता उपाय आधी हाती घ्यावा हे दोन गोष्टींवर ठरते : भाषण किती दिवसांवर आले आहे, आणि त्यानंतरही बोलत राहायचे आहे का.

सुरुवात आवाजापासून करू. या आजारात आवाज बारीक आणि एकसुरी होतो, वाक्याच्या शेवटी विरतो, आणि काहींच्या बोलण्याला नको तेवढा वेग येतो. सर्वांत अवघड भाग असा की बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ठीकच वाटतो. घरचे ‘मोठ्याने बोला’ म्हणतात तेव्हा यांनाच कमी ऐकू येते, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. एलएसव्हीटी लाउड ही प्रशिक्षणपद्धत नेमकी या समजुतीवर काम करते. त्यात आठवड्याला ४ याप्रमाणे ४ आठवड्यांत एकेक तासाच्या १६ बैठका होतात आणि रोज घरचा सराव असतो. दीर्घ ‘आ’ लावणे, आवाज वर नेणे आणि खाली आणणे, आणि रोजच्या वापरातली दहा वाक्ये मोठ्या आवाजात म्हणणे, असे त्याचे स्वरूप आहे. ही वाक्ये आपल्याच घरातली असावीत : ‘आज दूध किती घेतलं?’, ‘जरा फोन दे इकडं’, ‘माझी गोळी झाली’. ओरडल्यासारखे वाटले तरी समोरच्याला ते साधे बोलणेच ऐकू येते, हे पुन्हा पुन्हा अनुभवावे लागते. ब्रिटनमधील ३८८ रुग्णांवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तीन महिन्यांनंतर, रुग्णांनी स्वतः नोंदवलेल्या आवाजाच्या त्रासात, ही पद्धत नेहमीच्या वाचा-उपचारापेक्षाही आणि उपचार न घेण्यापेक्षाही सरस ठरली. काहींचा घसा सरावामुळे बसला, हेही त्यात नोंदले आहे. म्हणून हे शिक्षण प्रशिक्षित स्पीच थेरपिस्टकडूनच घ्यावे. ते व्हिडिओ कॉलवरूनही परिणामकारक होते, त्यामुळे त्यासाठी पुण्या-मुंबईला मुक्काम करावा लागत नाही.

माईकची बाजू याच्या उलट आहे. तो आजच उपयोगी पडतो, पण तो आवाज फक्त मोठा करतो, स्पष्ट करत नाही. पुटपुटलेला शब्द शाहू स्मारक भवनाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला तरी पुटपुटलेलाच पोहोचतो. माईक कोणता, यानेही मोठा फरक पडतो. हातातला माईक सर्वांत गैरसोयीचा, कारण हात थरथरला की तो तोंडापासून मागेपुढे होतो आणि आवाज तुटतो. स्टँडवरचा माईक बरा, पण पार्किन्सन्समध्ये मान आणि खांदे पुढे झुकत जातात, त्यामुळे त्याची उंची आपण उभे राहिल्यावर लावून घ्यावी, आधीच्या वक्त्यासाठी लावलेली तशीच ठेवू नये. कानावर अडकवून गालाजवळ येणारा माईक मला सर्वांत योग्य वाटतो : दोन्ही हात मोकळे राहतात आणि अंतर बदलत नाही. शिक्षक आणि पर्यटनाचे गाईड कमरेला स्पीकर बांधून वापरतात तो संच काही हजार रुपयांत मिळतो आणि घरगुती समारंभाला किंवा वाचनालयाच्या छोट्या खोलीला पुरतो. भाषण पंधरवड्यावर आले असेल तर माईक आधी पाहावा. वर्षभर बोलत राहायचे असेल तर सराव आधी आणि माईक त्याच्या जोडीला.

गोळीची वेळ सांभाळण्याचा फायदा हात आणि पाय यांना जास्त होतो, आवाजाला तितक्या खात्रीने होत नाही. गोळी घेऊनही आवाज का उठत नाही, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लेव्होडोपा-कार्बिडोपा या पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीचा परिणाम साधारण अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो आणि आजार जुना असेल तर काही तासांत ओसरतो. आपल्याकडची पंचाईत अशी की सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो, त्यात सत्कार आणि प्रास्ताविक, आणि पाहुण्यांचे भाषण येईपर्यंत गोळीचा अंमल उतरू लागलेला असतो. म्हणून आयोजकांकडून आपल्या बोलण्याची खरी वेळ मागून घ्यावी आणि शक्य तर पहिला क्रम मागावा. दुसरी गोष्ट जेवणाची. प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यात आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच वाटेसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे तांबडा-पांढरा आणि मटणाचे ताट किंवा मोठा पेला दूध गोळीच्या वेळेला आले तर गोळी उशिरा किंवा कमी लागू पडू शकते. पाहुणचार भाषणानंतर घ्यावा. भाषणासाठी जास्तीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. अंमल जास्त झाला तर अंगाच्या अनावश्यक हालचाली सुरू होतात आणि त्या थरथरीपेक्षा जास्त अडचणीच्या ठरतात. ताणाने थरथर वाढते हे खरे, पण त्यासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दमा असलेल्यांना किंवा रक्तदाब कमी असणाऱ्यांना धोक्याचे ठरू शकते. तो निर्णय न्यूरॉलॉजिस्टचाच.

उभे राहून बोलावे की बसून? उभे राहिल्याने श्वास मोकळा घेता येतो, पण या आजारात आणि त्याच्या औषधांनीही, झटकन उठल्यावर रक्तदाब खाली येऊ शकतो. तोल जात असेल किंवा उठताना चक्कर येत असेल तर ताठ पाठीच्या खुर्चीत पुढे सरकून बसून बोलावे, यात कमीपणा काही नाही.

पाठ केलेले बोलणे आणि वाचून दाखवणे यांत मी वाचण्याच्या बाजूने आहे, मात्र सुटा कागद हातात धरून नव्हे. तो फडफडतो आणि सभागृहाची नजर तिथेच खिळते. मजकूर मोठ्या अक्षरांत छापून, एका ओळीत एकच वाक्यांश ठेवून, तो पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये पोडियमवर ठेवावा. ओळ संपली की श्वास घ्यायचा, एवढा नियम पाळला तरी बोलण्याचा वेग आपोआप आवरतो. दीपप्रज्वलनाची बारीक मेणबत्ती ही आणखी एक कसोटी. ती दुसऱ्याने धरावी आणि आपण त्याच्या हाताला हात लावावा, हे संयोजकाला आधीच सांगून ठेवावे.

लोकांना सांगावे की लपवावे, हा प्रश्न प्रत्येकाचा खासगी आहे. तरी लपवण्याचा प्रयत्न स्वतःच ताण वाढवतो आणि ताणाने थरथर वाढते, म्हणून मी सांगण्याच्या बाजूचा आहे. ‘मला पार्किन्सन्स आहे, हात थरथरेल, तिकडे लक्ष देऊ नका’ एवढे एकच वाक्य सुरुवातीला पुरते. चेहऱ्यावरचे भाव या आजारात कमी दिसतात, त्यामुळे न सांगितल्यास श्रोते वक्त्याला रागावलेला किंवा उदासीन समजण्याचा धोकाही असतो. घरातले एक माणूस शेवटच्या रांगेत बसवावे आणि आवाज खाली गेला की त्याने हात वर करावा, असे ठरवून ठेवावे. हात दिसला की थांबून पाण्याचा घोट घ्यावा आणि तेच वाक्य पुन्हा, मोठ्या आवाजात, पहिल्यापासून म्हणावे.