जुनं घर बघताना पिनवाला मॉइश्चर मीटर: बरेच महिने वापरल्यानंतर

जुनं घर विकत घ्यायचं ठरलं तेव्हा भिंतीतली आणि लाकडातली ओल तपासायला हा मीटर घेतला. बघायला गेलेल्या प्रत्येक घरात तो खिशात होता आणि आता घर घेऊन झाल्यावरही वापर चालूच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. स्क्रीनवर जो टक्का दिसतो तो लाकडातल्या ओलीचा असतो. दोन पिनांमधून वीज किती सहज जाते ते हा मोजतो, ओल जास्त तर वीज सहज जाते आणि आकडा चढतो. दाराच्या चौकटीत २० टक्क्यांच्या वर दाखवलं तर लाकूड कुजायची भीती आहे, वाळवीही बघून घ्या. पण प्लास्टरवर २८ आलं म्हणजे भिंतीत २८ टक्के पाणी आहे असं अजिबात नाही, तिथे फक्त तुलना करायची, आधी घरातल्या चांगल्या कोरड्या भिंतीचं रीडिंग घ्यायचं आणि मग जिथे शंका आहे तिथलं.

आणि एका ठिकाणी टोचून काहीच कळत नाही, पूर्ण भिंत बघावी लागते. एका घरात बेडरूमची एकच भिंत ताजी रंगवलेली होती, बाकीच्या तीन जुन्याच, दिसायला एकदम मस्त. मी फरशीपासून वीत-वीत अंतरावर टोचत वर गेलो तर खाली कोरडं, कमरेच्या उंचीला आकडा एकदम वर, त्याच्या वर परत कोरडं, आणि डावी-उजवीकडे सरकलं तरी कोरडं. जमिनीतून चढणारी ओल असती तर खाली सगळ्यात जास्त आणि वर जाईल तशी कमी होत गेली असती, ती साधारण मीटरभरच चढते. हे असं मधेच गोल ओलं म्हणजे आतला पाईप. पलीकडे बाथरूम होतंच. मालकांना सरळ विचारलं तर म्हणाले हो, नळाची लाईन गळते. म्हणजे टाइल्स फोडण्यापासून खर्च, आणि हे सगळं नव्या रंगाखाली! असं लपवलेलं बघून मला खरंच राग येतो, कारण घेणाऱ्याची आयुष्याची बचत असते त्यात.

आता कमतरता. भिंतीला लोणा (पांढरे क्षार) लागला असेल तर क्षारांमुळे ओल कमी असली तरी आकडा जास्त येतो. फॉइलचा वॉलपेपर किंवा प्लास्टरच्या कोपऱ्यातली धातूची पट्टी असेल तरी तेच. पिनांची बारीक भोकं राहतात, त्यामुळे मालकांना विचारूनच टोचा, आणि रीडिंग फक्त वरच्या थराचं मिळतं.

स्लॅबबद्दल तर हा काहीच सांगत नाही आणि जुन्या घरात मोठा खर्च बरेचदा तिथेच निघतो. स्लॅबमधली लोखंडी सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून दाब येतो आणि काँक्रीट सुटायला लागतं. सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली, तपकिरी डाग दिसले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर टोकन द्यायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणा, त्याची फी वाचवू नका. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतोय का, म्हणजे कुठे गळती आहे का, तेही बघा, फुकट काम आहे.

बॅटरी भरपूर चालते. पिनांचं टोपण मात्र ढिलं आहे, खिशात निघून येतं आणि पिना बोटाला लागतात. तरी जुनं घर बघत असाल तर नक्की घ्या, चार स्टार.