लोकर भरलेली रजई आणि मेरिनोचे बनियन: वापरानंतरचा अभिप्राय

लोकरीच्या रजईची जाहिरात नेहमी तिच्या उबेवरच भर देते. मात्र थंडीच्या रात्री आणि त्यानंतरचे दमट दिवस अशा दोन्ही काळांत ती वापरल्यावर मला तिचा मोठा गुण ओलावा सांभाळण्यात दिसला. पॉलिएस्टर भरलेली रजईही ऊब देते, किंबहुना पांघरताच ती अधिक जाणवते. परंतु काही तासांनी आत घामाचा दमटपणा साचतो आणि झोपेतच पांघरूण बाजूला सारले जाते. लोकरीच्या रजईखाली हा त्रास फारच कमी झाला.

याचे कारण तंतूच्या रचनेत आहे. आपल्या केसांप्रमाणे लोकरही केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. तिच्या तंतूचा पृष्ठभाग पाण्याचा थेंब सहजासहजी आत घेत नाही, पण गाभा हवेतील बाष्प शोषतो आणि स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा सामावूनही हाताला ओलसर लागत नाही. बाष्प शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते, त्यामुळे कोरड्या खोलीतून दमट थंडीत गेल्यावर लोकरीचा कपडा काही काळ अधिकच उबदार वाटतो. अंथरुणाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते: लोकर सहज पेट घेत नाही आणि पॉलिएस्टरसारखी वितळून त्वचेला चिकटत नाही.

लोकर अंगाला टोचते, ही तक्रार जाड लोकरीच्या बाबतीत खरी आहे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके त्वचेत रुततात, तर बारीक तंतू स्पर्श होताच वाकतात. मेरिनो ही बारीक लोकर देणारी मेंढीची जात; मी घेतलेल्या मेरिनो बनियनवर १८.५ मायक्रॉन असा उल्लेख आहे आणि ते उघड्या अंगावर दिवसभर घालूनही खाज सुटली नाही. घामाचा वासही त्यात फारसा धरत नाही. रात्री वाऱ्यावर टांगले की सकाळी ते पुन्हा घालता येते. मात्र कापड पातळ असल्याने काखेजवळ ते लवकर विरते, आणि एवढ्या महाग कपड्यात ही उणीव मला खटकते.

धुण्याच्या बाबतीत हयगय चालत नाही. तंतूंवरील सूक्ष्म खवले गरम पाण्यात आणि घुसळणीत एकमेकांत अडकतात, कापड आटून घट्ट होते आणि मग ते पूर्ववत करता येत नाही. यंत्रात धुण्याजोगी म्हणून विकली जाणारी लोकर बहुधा हे खवले झिजवून किंवा त्यांवर राळेचा पातळ थर देऊन तयार केलेली असते. प्रथिनांचे डाग काढणारी विकरे (एन्झाइम) असलेली धुलाई पावडर मात्र कोणत्याच लोकरीला वापरू नये, कारण ती विकरे लोकरीच्या प्रथिनयुक्त तंतूलाच खातात.

रजई घेताना टाके अवश्य पाहावेत. माझ्या रजईचे चौकोन मोठे असल्याने कडेची लोकर सरकून मध्ये गोळा झाली आहे. लहान चौकोनांची रजई यापेक्षा चांगली टिकेल. ठेवणीत टाकण्यापूर्वी ती स्वच्छ व पूर्ण कोरडी करून घट्ट बंद पिशवीत ठेवावी, कारण कसरीच्या अळ्या घामाचे डाग असलेल्या लोकरीवर विशेष वाढतात.