ग्रेट निकोबार : आधी ग्रामपंचायतीकडे जावे की आदिवासी परिषदेकडे?

अंदमान-निकोबारमधील ग्रेट निकोबार या एकाच बेटावर स्थानिक कारभाराच्या दोन व्यवस्था आहेत. अभ्यासासाठी किंवा सेवाकार्यासाठी तेथे जाणाऱ्याला आधी कोणाला भेटायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

पूर्व किनाऱ्यावरील कॅम्पबेल बे आणि त्याच्या दक्षिणेकडील वसाहतींत ग्रामपंचायती आहेत. १९६९ पासून सरकारने येथे माजी सैनिकांची कुटुंबे वसवली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. १९९४ च्या पंचायत विनियमानुसार येथे प्रधान (म्हणजे आपला सरपंच) निवडला जातो, मुदत पाच वर्षांची असते आणि महिलांसाठी जागा राखीव असतात. आपल्याकडचा माणूस या व्यवस्थेत लगेच रुळतो.

निकोबारी आदिवासींच्या गावांना हा विनियम लागू नाही. तेथे पहिला, दुसरा आणि तिसरा कॅप्टन गावाचा कारभार पाहतात आणि गावांच्या वतीने लिटल व ग्रेट निकोबारची आदिवासी परिषद बोलते. कॅप्टन हे पद वंशपरंपरागत मानू नये. तो निवडला जातो, आणि परिषदांना २००९ च्या विनियमाने कायदेशीर चौकटही दिली आहे.

खरा फरक जमिनीत आहे. पंचायतीची हद्द वसाहतीपुरती आहे. उरलेल्या बेटाचा फार मोठा भाग १९५६ च्या विनियमाखाली आदिवासी राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि तेथे पासाशिवाय बाहेरच्याला प्रवेश नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या निकोबारींना कॅम्पबेल बेजवळच्या राजीवनगर येथे आणून ठेवले गेले, त्यामुळे ते पंचायतीच्या शेजारी दिसतात. पण त्यांच्या मनातले गाव अजूनही किनाऱ्यावरचे, वाडवडिलांचेच आहे. प्रस्तावित बंदर आणि नगर प्रकल्पासाठी परिषदेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिलेले ना-हरकत पत्र नोव्हेंबरमध्ये मागे घेतले, कारण ही जुनी गावेच प्रकल्पाच्या क्षेत्रात येत असल्याचे तिचे म्हणणे होते. घाईने मिळवलेला होकार किती टिकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

म्हणून शाळा, पाणी, रस्ते किंवा वसाहतीचा इतिहास हा विषय असेल, तर पंचायत पुरेशी आहे. जंगल, किनारा किंवा जमीन यांचा प्रश्न असेल, तर आधी परिषदेकडेच जावे, मग त्यासाठी काही महिने थांबावे लागले तरी चालेल.

शोंपेन या बेटावरच्या दुसऱ्या आदिवासी जमातीबाबत मात्र दोन्ही मार्ग अपुरे आहेत. ते आतल्या जंगलात राहतात; पंचायतीत ते नाहीत, आणि परिषद त्यांची काळजी वाहत असली, तरी तिची संमती ही त्यांची संमती धरता येणार नाही.