स्मॉग चेकवाल्या शेव्ही ३५० साठी कॅम: एडलब्रॉक २१०२ का, आणि एक्सई२६२ का नको

कॅलिफोर्नियात कुणी हौसेने १९७६ ते १९८६ मधली शेव्हीची सी-१० पिकअप किंवा कॅमारो घेतली की थोड्याच दिवसांत विचारणा सुरू होते. इंजिन ३५० क्युबिक इंचांचं, आवाज दमदार, पण पाय दाबला तर गाडी जागची हलत नाही. कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) बदलू का? बदला. पण १९७६ पासून पुढच्या गाड्यांना तिथे स्मॉग चेक (धुराची सक्तीची तपासणी) आहे, त्यामुळे ‘जास्तीत जास्त पॉवर’वाली यादी इथे चालत नाही. (भारतात हा प्रश्न असा उभाच राहत नाही. कॅलिफोर्नियासारखी सुट्या भागागणिक सूट देणारी पद्धत आपल्याकडे नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इंजिनातल्या फेरफाराला फारशी मोकळीक देत नाही.)

बाजारात या इंजिनासाठी शेकडो ग्राइंड (कॅमच्या घडणी) आहेत. वापरणारे मात्र फिरून फिरून दोनच नावांवर येतात: एडलब्रॉकचा परफॉर्मर-प्लस २१०२ आणि कॉम्प कॅम्सचा एक्सई२६२एच. दोन्ही हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (टॅपेट म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर, लोबवर, टेकून व्हॉल्व्हला ढकलणारा तुकडा). आमचा कौल २१०२ ला.

आधी आकडे, कारण पहिली फसगत तिथेच होते. खोक्यावर २१०२ चं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ; पहिला आकडा इनटेकचा, दुसरा एक्झॉस्टचा) २७८/२८८ अंश लिहिलेलं असतं, एक्सई२६२ चं २६२/२७०. वाचणाऱ्याला वाटतं एडलब्रॉक मोठा. प्रत्यक्षात उलटं आहे. जाहिरातीतलं ड्युरेशन टॅपेट किती उचलल्यावर मोजायला सुरुवात करायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्यामुळे ते आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी उचलल्यावरच्या आकड्यांची. तिथे २१०२ आहे २०४/२१४, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांतला कोन) ११२. एक्सई२६२ आहे २१८/२२४, सेपरेशन ११०. जुना फॅक्टरीचा ‘९२९’ कॅम १९५/२०२ आणि ११२.

आता एक सोपं गणित. इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची सरासरी काढा, त्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करा. जे उरेल तो ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ. फॅक्टरी कॅमचा येतो उणे २५.५ अंश, २१०२ चा उणे १५, कॉम्पच्याच जुन्या २६०एच चा (२१२/२१२, ११०) उणे ८, आणि एक्सई२६२ चा अधिक १. स्मॉग चेकच्या दृष्टीने कॅमच्या कार्डावर यापेक्षा महत्त्वाचा आकडा नाही. उणे १० च्या खाली राहा, एवढा नियम पाळला तरी निम्मी डोकेदुखी टळते.

कारण असं. ओव्हरलॅप वाढला की स्लोवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) जळालेला वायू इनटेकमध्ये मागे शिरतो, व्हॅक्यूम पडतो, मिश्रण नीट पेटत नाही आणि सिलिंडर अधूनमधून मिस मारतो. तोच तो ‘घुडघुड’ आवाज, ज्याच्यावर लोक भाळतात. तो आवाज म्हणजे न जळलेलं पेट्रोल, आणि टेलपाइपच्या चाचणीत ते हायड्रोकार्बनच्या रकान्यात दिसतं. ज्या परिसरांत डायनोवरची (गाडी जागेवरच रोलरवर पळवून होणारी) चाचणी आहे तिथे गाडी १५ आणि २५ मैल वेगाला तपासतात, म्हणजे नेमकी त्याच खालच्या आरपीएमला. उलट्या बाजूने, मागे शिरलेला वायू ज्वलन थंड ठेवतो आणि नायट्रिक ऑक्साइड थोडं कमी करतो. पण म्हणून ईजीआर (जळालेला थोडा वायू मुद्दाम परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकता येत नाही. तो जागेवर आहे का हे तंत्रज्ञ डोळ्यांनी बघतोच.

१९८१ नंतरच्या कॉम्प्युटरवाल्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आणखी एक गोम आहे. ओव्हरलॅपमध्ये थोडी ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये निसटते. ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते, तो समजतो मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. म्हणजे जिथे आधीच जास्त जळायचं राहतंय तिथे आणखी ओतलं जातं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा डबा) ते जाळता जाळता तापून लाल होतो आणि आतली जाळी वितळते. अशा गाडीत एक्सई२६२ टाकणं म्हणजे नवा कन्व्हर्टर विकत घ्यायची तयारी.

ओढीचं बोलायचं तर त्या काळच्या ३५० चं कॉम्प्रेशन जेमतेम ८.२ ते ८.५. इनटेक व्हॉल्व्ह जितका उशिरा मिटेल तितकी दाबायची हवा कमी. मोठ्या ड्युरेशनचा कॅम ५,००० आरपीएमवर देतो ते १,५०० वर काढून घेतो. फॅक्टरी टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा) आणि ३.०८ किंवा त्याहून उंच (म्हणजे आकड्याने लहान) रिअर गिअर असेल तर सिग्नलवरून निघताना गाडी पहिल्यापेक्षा मठ्ठ वाटेल. २१०२ मुळात ५ अंश पुढे करून घासलेला आहे (इनटेक सेंटरलाइन १०७), त्यामुळे खालचा दाब टिकतो. स्लोपासून ५,५०० पर्यंत सलग ओढतो. ५,५०० च्या वर तो संपतो, आणि शहरात त्याच्या वर जायचंच कुणाला आहे?

लिफ्टचा (व्हॉल्व्ह किती उघडतो त्याचा) फरकही बघा. २१०२ ची ०.४२० आणि ०.४४२ इंच, एक्सई२६२ ची ०.४६२ आणि ०.४६९. फॅक्टरी हेडवर ०.४५० च्या पुढे गेलं की रिटेनर (व्हॉल्व्ह स्प्रिंगला वरून धरणारी वाटी) व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर आपटायची भीती सुरू होते. पूर्ण उघडल्यावर दोघांत किमान ०.०५० इंच फट हवी. ती न मोजता कॅम चढवला तर सील फाटतं, ऑइल जळतं, निळा धूर येतो, आणि दोष पिस्टन रिंगांना जातो. व्हॉल्व्ह स्प्रिंग दोन्हींसोबत नव्याच घ्या. चाळीस वर्षं दबलेल्या स्प्रिंगांवर कसला भरवसा.

कागदपत्रं. कॅलिफोर्निया व्हेइकल कोडच्या कलम २७१५६ खाली उत्सर्जनावर परिणाम करणारा सुटा भाग लावायचा असेल तर त्याला एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, बोलीत ईओ, हवा. एडलब्रॉकच्या भागांचे ईओ डी-२१५ या मालिकेत असतात. पण ब्रँडला परवानगी मिळत नाही, भाग आणि गाडी यांच्या जोडीला मिळते. बोर्डाच्या संकेतस्थळावर भागाचा नंबर टाका, ऑर्डरची पानं उघडा आणि आपलं वर्ष, मॉडेल, इंजिन त्यात आहे का ते वाचा. १९८० चालतं म्हणून १९८२ चालेल असं नाही, मध्ये कॉम्प्युटर आलेला आहे. आपली गाडी यादीत नसेल तर पैसे देऊ नका. ‘कॅम बाहेरून दिसतो कुठे’ हा युक्तिवाद खूप ऐकू येतो. दिसत नाही हे खरं; पण हायड्रोकार्बनचा आकडा दिसतो, आणि २००० पासून पुढच्या गाड्यांत तर कॅमला जुळवून घेण्यासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलला की तो बदल जुलै २०२१ पासून स्मॉग चेकच्या यंत्रातच पकडला जातो.

दुकानदार सोबत इनटेक मॅनिफोल्डही विकतो तिथे जपा. २१०२ ची जाहिरातीतली जोडी परफॉर्मर २१०१ शी आहे, आणि २१०१ ला ईजीआरची बैठकच नाही. तुम्हाला हवा तो ३७०१. चुकीचं मॅनिफोल्ड बसवलं की कॅम कितीही सभ्य असला तरी दृश्य तपासणीतच गाडी परत.

बसवताना दोन ठिकाणी चुका होतात. टायमिंग चेन चढवताना कॅमच्या गिअरवरचा ठिपका खाली ६ वाजता आणि क्रँकचा वर १२ वाजता, समोरासमोर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या स्थितीत फायर होत असतो सहावा सिलिंडर, पहिला नव्हे. डिस्ट्रिब्युटरचा रोटर पहिल्याकडे ठेवून बसवला की गाडी कार्ब्युरेटरमधून ठोके मारते आणि सुरू होत नाही. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून मगच डिस्ट्रिब्युटर टाका (फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२).

दुसरी चूक महागडी आहे, आणि बऱ्याचदा ती याच पहिल्या चुकीतून येते. फ्लॅट टॅपेटचं तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित तिरका असतो, त्यामुळे टॅपेट फिरत राहतो आणि दोघं एकमेकांना घासून जुळतात. हे जुळणं पहिल्या वीस-तीस मिनिटांत होतं किंवा होतच नाही. लोबना ऑइल मिळतं ते क्रँक उडवेल त्या शिंतोड्यांतून, स्लोवर ते अपुरं पडतं. म्हणून इंजिन पेटताक्षणी २,००० ते २,५०० आरपीएमवर न्यायचं, थोडं खालीवर करत तिथेच ठेवायचं, स्लोवर सोडायचं नाही. गाडी सुरू होईना म्हणून दहा मिनिटं स्टार्टर घरघरवत बसलात तर लोबवरची मॉलिब्डेनमची पेस्ट तेवढ्यातच पुसली जाते. आधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवून सगळ्या रॉकरपर्यंत ऑइल आणा, कार्ब्युरेटरची वाटी भरा, ठिणगीचं टायमिंग अंदाजे लावा, रेडिएटर भरा. टॅपेट कायम नवे. जुने टॅपेट नव्या कॅमवर म्हणजे दोन्ही कचऱ्यात. रॉकर शून्य फटीनंतर अर्धा फेरा आवळा, जास्त नको.

ऑइलमध्ये स्मॉगवाल्या गाडीची खास कोंडी आहे. फ्लॅट टॅपेटला झिंक-फॉस्फरस (झेडडीडीपी) भरपूर लागतं, आणि तेच फॉस्फरस कन्व्हर्टरच्या जाळीवर थर धरून त्याला मारतं. आजच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी केलंय ते यासाठीच. मधला मार्ग असा: ब्रेक-इनला (त्या पहिल्या घासून जुळण्याला) झिंकवालं खास ऑइल, तीस मिनिटांनंतर फिल्टरसह बदल, पुढचे ५०० मैल पुन्हा तेच, आणि नंतर मध्यम झिंकचं ऑइल. इंजिन ऑइल पीत असेल तर मात्र आधी तो आजार बरा करा. जळलेलं ऑइल थेट कन्व्हर्टरमध्येच जातं.

ज्यांच्याकडे १९८७ पासूनच्या कार किंवा कॉर्व्हेटचं रोलर टॅपेटचं इंजिन आहे त्यांनी हा कॅम बघूही नये. रोलर कॅमला ब्रेक-इनचा हा सोहळा नाही, झिंकचा हट्ट नाही. ३०५ वाल्यांसाठीही सूचना: सिलिंडर लहान असल्यामुळे तोच कॅम तिथे एक नंबर मोठा वागतो, ४०० मध्ये एक नंबर लहान.

चाचणीला नेताना हुडखालच्या स्टिकरवर लिहिलेलं बेस टायमिंगच ठेवा, ‘थोडं पुढे’ नको. वीस मिनिटं हायवेवर चालवून कन्व्हर्टर गरम करूनच रांगेत लागा, आणि ईओ नंबरची पट्टी एअर क्लीनरजवळ अशी चिकटवा की तंत्रज्ञाला विचारावं लागू नये.