नक्षीचा साबण घरी करायचाय? बेस वितळवायचा की कॉस्टिकपासून करायचा?

दिवाळी जवळ आली की घरी नक्षीचे साबण करायची हौस येतेच, अभ्यंगस्नानाला आपल्या हातची वडी म्हटल्यावर भारीच वाटतं ना. पण सामान मागवायच्या आधी नक्षी कसली हवीये ते ठरवा, पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं. मी दोन्ही प्रकार करते आणि दोन्हीत माल वाया घालवलाय.

कमळ, पणती, सरळ पट्टे, पारदर्शक वडीत अडकवलेले आकार असं काही डोक्यात असेल तर रेडिमेड सोप बेस घ्या, म्हणजे मेल्ट अँड पोर. तुकडे करून डबल बॉयलरवर वितळवायचे, उकळी येऊ द्यायची नाही, रंग-सुगंध घालून सिलिकॉनच्या साच्यात ओतायचं, काही तासांत वडी हातात. खरी कसरत पट्ट्यांची. पहिल्या थरावर साय धरली पाहिजे, बोट लावलं तर हलेल पण फुटणार नाही अशी, मग त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून दुसरा थर ओतायचा, तोही 50-55 अंशांपर्यंत निवलेला. जास्त गरम असला तर खालचा वितळून रंगांचा काला होतो, आणि खालचा पार गार पडलेला असेल तर कापताना एका वडीच्या दोन होतात! खायचे रंग नको, लाल पट्टी हळूहळू शेजारच्या पांढऱ्यात उतरते, मायका, म्हणजे अभ्रकाची चमकदार रंगीत पूड, घ्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत या साबणाला घामही फुटतो कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, म्हणून साच्यातून काढला की लगेच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा.

मार्बलसारखे स्वर्ल, म्हणजे एकमेकांत वळलेल्या रंगांच्या लाटा, हवेत? बेसमध्ये ते होतात, पण तो बघता बघता आळतो, निवांत हात फिरवायला वेळच मिळत नाही. त्यासाठी कोल्ड प्रोसेस, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी ब्लेंडरने एकजीव करून मुळापासून साबण करायचा. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं, ब्लेंडरवरून पडलेली धार वर क्षणभर दिसायला लागली की थांबायचं, दोन रंग आलटून पालटून ओतायचे आणि काडीने इंग्रजी आठ काढत जायचं. आत काय उमटलंय ते दुसऱ्या दिवशी कापल्यावरच कळतं, प्रत्येक वडी वेगळी, मला तर याचंच व्यसन लागलंय. एकदा एका फुलांच्या सेंटने सगळं मिश्रण अर्ध्या मिनिटात गुरगुट्या भातासारखं झालं, चमच्याने साच्यात दाबून भरलं, कसले स्वर्ल न कसलं काय. आणि हळद घालणार असाल तर पिवळा धमक रंग विसरा, हळदीच्या डागाला साबण लावल्यावर जे होतं तेच इथे होतं, लालसर.

पण कॉस्टिकशी मस्करी नाही. तो पाण्यात घालायचा, पाणी त्याच्यावर कधीच नाही, आणि ते पाणी चांगलंच उकळत्यासारखं तापतं. गॉगल, ग्लोव्हज, उघडी खिडकी हवीच, ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. 100 ग्रॅम खोबरेलाला साधारण 18 ग्रॅम कॉस्टिक लागतो, ऑलिव्हला साडेतेरा, त्यामुळे घरात असेल ते तेल अंदाजपंचे ढकललं तर साबण अंगाला झोंबू शकतो. ऑनलाइन लाय कॅल्क्युलेटरवर (लाय म्हणजे हाच कॉस्टिक) तेलानुसार प्रमाण काढून डिजिटल काट्यावर मोजा.

मुलांना सोबत घ्यायचं असेल तर बेसच, विषय संपला. आणि कोल्ड प्रोसेसच्या वड्या 4 ते 6 आठवडे सुकवाव्या लागतात, त्यामुळे दसऱ्याला घातलेला साबण दिवाळीला तयार नसतो, गणपतीतच ओतून ठेवा.