घरी जुनं पिनबॉल आणायचंय: रिलेवालं घ्यावं की बोर्डवालं?

आपल्या सोलापुरात जुनं पिनबॉल मशीन घरी आणून स्वतः दुरुस्त करायचं डोक्यात असेल तर गेम कुठला, चित्र कसलं हे नंतर बघा, आधी रिलेवालं की बोर्डवालं ते ठरवा, कारण हत्यारं कुठली लागणार, मदत कोणाची मिळणार, कस्टमला किती जाणार हे सगळं त्यावरच आहे. ढोबळमानाने १९७७ च्या आधीचं मशीन इलेक्ट्रोमेकॅनिकल, आत एकसुद्धा चिप नाही, सगळा कारभार रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), मोटर आणि आकड्यांच्या फिरत्या चकत्यांवर. त्यानंतरचं सॉलिड स्टेट, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड. मधली एक-दोन वर्षं सरमिसळीची, बॅली या अमेरिकन कंपनीने १९७७ चा एव्हल नीव्हल हा गेम दोन्ही प्रकारात काढला होता, त्यामुळे नुसतं नाव ऐकून पैसे देऊ नका, मागचं दार उघडून बघा. नव्वदीतली डॉट मॅट्रिक्सवाली मशीनं इथे धरलेलीच नाहीत, त्यांचे भाव ऐकूनच आपण गप बसतो.

रिलेवाल्याचं कसं आहे, बिघाड डोळ्यांना दिसतो. स्कोअर मोटर फिरते, तिचे कॅम पत्त्या दाबतात, कॉन्टॅक्ट जुळतो, आणि ५० पॉइंट मिळाले म्हणजे दहाचे पाच ठोके खरोखर पडतात, तुम्ही मोजू शकता. तीन ठोके पडून थांबलं तर कुठली पत्ती बघायची याचा अंदाज तिथेच येतो. यंत्रमागावर जॉबरकी, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल, केलेला एखादा ओळखीचा असेल ना, त्याला पिनबॉल म्हणजे काय माहीत नसलं तरी तासाभरात तो बरोबर जागी बोट ठेवेल.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती स्टेपर युनिटं, म्हणजे एकेक घर पुढे सरकून मोजणी ठेवणारे भाग. एका चकतीवर तांब्या-पितळेची रिव्हेटं आणि त्यांवरून सरकणारी बोटं, जुनं ग्रीस इतक्या वर्षांत असं घट्ट झालेलं असतं की स्प्रिंगने झटक्यात शून्यावर यायला पाहिजे ते अर्ध्यातच अडकतं आणि मशीन रिसेट होत बसतं, मोटर फिरतच राहते. सोडवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, रिव्हेटं हलक्या हाताने चमकवायची, परत लावताना ग्रीसचा नुसता पुसट हात. डब्ल्यूडी-४० चा डबा मात्र लांब ठेवा, ते पेट घेतं आणि वर धूळ धरतं. धुळीवरून आठवलं, पूर्व भागात घर असेल आणि शेजारी माग चालत असतील तर सुताची तूस कॉन्टॅक्टमध्ये जाऊन बसणारच, मशीनवर चादर टाका, सोलापुरात चादरीला काय तोटा आहे का.

आणि सर्किट डायग्राम पाहिजेच पाहिजे, मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावा, मोबाइलवर झूम करून रिले शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

आपल्या गावाचा खरा फायदा कॉइलला होतो. बॅली, विल्यम्सच्या कॉइलवर नंबर असतो, उदाहरणार्थ एएन-२६-१२००, म्हणजे २६ गेजच्या तारेचे १२०० वेढे. फ्लिपरची, म्हणजे गोळी परतवणाऱ्या पात्यांची, कॉइल एक्यू-२५-५००/३४-४५०० असेल तर आत दोन वाइंडिंग, जाड तारेचं ताकदीला आणि बारीक तारेचं धरून ठेवायला. लेबल शाबूत असेल तर मोटर वाइंडिंगवाला ती भरून देऊ शकतो, फक्त ते गेज अमेरिकन आहे, आपल्याकडचे लोक एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, धरतात, म्हणून गेज न सांगता जाडी मिलिमीटरमध्ये सांगायची, २६ म्हणजे ०.४०५. गॉटलिब कंपनीच्या कॉइलवर नुसता पार्ट नंबर असतो, तिथे हा हिशोब लागत नाही.

आता बोर्डवालं. सुरुवातीचं निदान उलट सोपं! बॅलीच्या त्या काळातल्या एमपीयू बोर्डावर, म्हणजे प्रोसेसरच्या मुख्य बोर्डावर, एक एलईडी असतो, चालू केलं की आधी लुकलुकतो आणि मग सात वेळा चमकतो, जितक्यावर थांबला त्यावरून कुठला भाग गेला ते कळतं. शेवटची चमक आली नाही तर बऱ्याचदा बोर्ड बिचारा ठीक असतो, सोलेनॉइडचा (कॉइलचा) ४३ व्होल्ट सप्लाय किंवा त्याचा फ्यूज बघायचा.

पण घोळ बॅटरीचा. बोर्डावरच सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी गळते, हिरवट-पांढरी पूड दिसते आणि ती गळती ट्रॅकखाली, आयसीच्या सॉकेटमध्ये शिरते. थोडकं असेल तर पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं-निम्मं, मग अल्कोहोलने धुणं. जास्त पसरलं असेल तर माझ्या मते त्या बोर्डावर महिने घालवू नका, आल्टेकसारख्या कंपन्यांचे नवे बोर्ड मिळतात, बॅटरीचं लफडंच नसतं त्यांना, फक्त डॉलर आणि वर कस्टम मोजायची तयारी ठेवा. जळालेले कनेक्टर मात्र नवा बोर्ड टाकूनही बदलावेच लागतात, आणि डिस्प्लेच्या लाइनला १९० च्या आसपास व्होल्ट असतात, मशीन बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तिथे बोटं घालायची नाहीत.

दोन्हीकडे सवयी वेगळ्या लागतात हे लोकांना कळत नाही. रिलेवाल्यात कॉन्टॅक्टवर बारीक फाइल फिरवणं हे रोजचं काम, तीच फाइल बोर्डवाल्याच्या प्लेफील्डच्या (गोळी फिरते त्या पाटाच्या) स्विचवर मारली की सोन्याचा मुलामा गेला म्हणून समजा, तिथे जाड कागदाचा तुकडा मधून ओढला की बास.

लाइटचं पण बघा. अमेरिकेतलं रिलेवालं बऱ्याचदा नुसतं ११०-१२० चं, म्हणजे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, आणि ६० ऐवजी आपल्या ५० हर्ट्झवर स्कोअर मोटर साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरते. गेम चालतो, ठोके जरा रमतगमत पडतात. बोर्डवाल्यांत बऱ्याच ट्रान्सफॉर्मरला २२०-२४० चे टॅप असतात, जंपर बदलायचा आणि मोकळं, पण व्होल्टेज खालीवर होतं त्या वस्तीत राहत असाल तर स्टॅबिलायझर लावाच.

खेळायला म्हणाल तर रिलेवाल्याचा उतार साडेतीन अंशांच्या आसपास, गोळी निवांत येते, घंटा खरी वाजते. बोर्डवाला साडेसहा अंशांपर्यंत, वेगवान, पोरांना तोच आवडणार.

माझं मत विचाराल तर सोलापुरात बसून करायचं असेल तर रिलेवालं, शक्यतो बॅली किंवा विल्यम्स, कारण अडलं तर विचारायला माणूस गावात आहे आणि पार्ट कुरिअरने यायची वाट बघत बसावं लागत नाही. सोल्डरिंगचा हात चांगला असेल, किंवा विकणाऱ्याने नवा एमपीयू आधीच टाकलेला असेल, तर खुशाल बोर्डवालं घ्या, संध्याकाळी काम संपवून लगेच खेळता येईल. वेळ नाही आणि नुसती शोभेला पाहिजे असेल तर दोन्ही नको.

घेताना प्लेफील्ड आणि बॅकग्लास (मागच्या उभ्या पेटीची चित्राची काच) दोन्ही प्रकारांत सारखंच तपासायचं. प्लेफील्ड लाकडी असतं, पाण्याने पुसायचं नाही, फुगतं. बॅकग्लासचा रंग काचेच्या मागच्या अंगाला असतो, टॉर्च मारून बघा, पोपडे सुटत असतील तर भाव तिथेच पाडा आणि घरी आणल्यावर त्या बाजूला फडकंसुद्धा लावू नका, नवी काच त्या गेमची कोणी छापतच नसेल तर पुढे काही इलाज नाही.